बिऱ्हाड की जत्रा?

"बिऱ्हाड आहे की जत्रा?"

सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या विद्यार्थ्याच्या मागे, दोन्ही हात पाठीशी घट्ट धरून सर उभे राहत आणि हा एकच प्रश्न विचारत. नवखं पोर गोंधळून मान वर करी. मुरलेलं पोर भिंगावरचा डोळा न हलवता सांगे, "बिऱ्हाड, सर. सोळा जणांचं." मग सर पाठीमागचे हात सोडत, कपाळ पुसत आणि पुढच्या टेबलाकडे वळत. उत्तर "जत्रा" असं आलं की मात्र ते स्वतः वाकून बघत, आणि बराच वेळ बघत.

मी पनवेलला सरांच्याच कॉलेजात मराठी शिकवत होते. मराठीच्या बाईचं वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काय काम, असं तुम्ही विचाराल. काम चहाचं. स्टाफरूममधला चहा पिण्याच्या लायकीचा नव्हता आणि सरांच्या प्रयोगशाळेत शेगडी होती. चहाच्या निमित्ताने मी तिथल्या स्टुलावर टेकायची आणि पाण्याच्या थेंबात कोण कोण राहतं ते ऐकायची. ऐकून ऐकून मलाही चार गोष्टी कळायला लागल्या होत्या.

सरांचा विषय म्हणजे गोड्या पाण्यातलं हिरवं शैवल, त्यातही एकेकटं न राहता घोळक्याने राहणारं. आपण सगळ्यालाच शेवाळ म्हणून मोकळे होतो. सरांना ते ऐकवत नसे. "शेवाळ काय शेवाळ? पनवेलमधल्या सगळ्यांना नुसतं 'माणूस' अशी हाक माराल का?" पुस्तकात अशा घोळक्याला 'निवह' असा शब्द आहे. पोरं 'कॉलनी' म्हणत. सरांना दोन्ही नापसंत. "निवह कोणाच्या तोंडी बसत नाही. आणि कॉलनी म्हणजे स्टेशनपलीकडची. तिथे समोरच्या दारात कोण राहतं ते पाटी वाचून कळतं." म्हणून त्यांनी स्वतःचा शब्द काढला होता, बिऱ्हाड.

बिऱ्हाडाची त्यांची व्याख्या पक्की होती. जन्मताना जितक्या पेशी, तितक्याच शेवटपर्यंत. मध्येच कोणी येऊन बसायचं नाही. चार, आठ, सोळा, बत्तीस, असा दुपटीचा हिशेब. मग बिऱ्हाडांची वर्गवारी. पोहणारं की नुसतं तरंगणारं? सपाट की गोल? गोल असेल तर भरीव की पोकळ? ताटलीसारखं सपाट आणि पोहणारं ते गोनियम. तुतीच्या फळासारखं गच्च भरलेलं ते पँडोरिना. गोलच, पण आतली मंडळी जरा ऐसपैस राहतात ते युडोरिना. न पोहणाऱ्यांत कोणी चांदणीच्या आकाराचं, कोणी पंगतीला बसल्यासारखं एका ओळीत, कोणी चक्क मासेमारीच्या जाळ्यासारखं विणलेलं. सर हे सगळं फळ्यावर काढत आणि चित्राखाली नावाच्या आधी संख्या लिहीत.

एकदा मी मुद्दाम खोड काढली. "सर, तुमच्या व्हॉल्व्हॉक्समध्ये हजारभर पेशी असतात म्हणता. मग ती जत्राच की."

"हजार असोत, मॅडम. तिथे कामं वाटलेली आहेत. बहुतेकांनी वल्ही मारायची, थोड्यांनी पोरी वाढवायच्या. पोरी आईच्या पोटातच मोठ्या होतात आणि आईला फाडून बाहेर पडतात. आई तिथेच संपते." सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "जत्रेत कोणी कोणासाठी मरत नाही."

जत्रा म्हणजे मायक्रोसिस्टिस नावाचं प्रकरण. दिसायला हिरवंच, पण हिरव्या शैवलांच्या घराण्यातलं नव्हे, ते नीलहरित. बुळबुळीत चिकात असंख्य बारीक ठिपके कसेही लोटलेले, ना आकार ना संख्या. त्यातली काही विष सोडतात, काही सोडत नाहीत, आणि कोणती कुठली हे नुसतं बघून कळत नाही. "मोजता येतंय तोवर भ्यायचं कारण नाही," सर पोरांना सांगत. पोरं एकमेकांकडे बघून हसत, कारण भ्यायचं कारण नाही असं जगाला सांगणारा हा माणूस स्वतः दिवसभर भीत असे.

तुमच्याही ओळखीत एखादा भित्रा माणूस असेल, पण सरांच्या पासंगाला पुरणार नाही. ते लिफ्टमध्ये बसत नसत. कुत्रं दिसलं की पलीकडच्या फुटपाथवर जात, आणि पलीकडे दुसरं कुत्रं असलं तर परत घरी. शिपाई हातात कागद घेऊन येताना दिसला की यांचा चेहरा उतरे, मग तो कागद कोणाच्या का लग्नाची पत्रिका असेना. गावातले त्यांचे चुलतभाऊ जमिनी देऊन बंगल्या-गाड्यांचे धनी झाले होते. पुतण्या रोज म्हणे, काका, गाडीतून सोडतो. काका एसटीने येत, आणि एसटीतही ड्रायव्हरच्या मागची जागा धरून त्याच्यावर लक्ष ठेवत.

ते मूळचे उरण रस्त्यावरच्या एका गावातले. वडील मिठागरावर राबलेले. घरी बोली आगरी, कॉलेजात मात्र सर छापील मराठी बोलत, माझ्यापेक्षाही शुद्ध. पण भीती वाटली की ती छापील भाषा गळायला लागे. आधी 'ह' जाई. 'आम्ही'चं 'आमी' झालं की समजावं, सरांना काहीतरी खटकलंय. मग 'आहे'चं 'हाय' होई. 'पाणी'चं 'पानी' आणि 'तळं'चं 'तलं' झालं की भीती खोल गेली. आणि मला 'मॅडम' म्हणायचं सोडून ते 'बाय' म्हणायला लागले की मी सरळ हातातलं काम टाकून उभी राही. मराठीची बाई असल्याने हा अभ्यास माझा एकटीचा होता, तो मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना शिकवला आणि त्यावर आम्ही पुष्कळ हसलो.

पोरांना घेऊन ते नेऱ्याकडच्या ओढ्यांवर किंवा आपट्याला पाताळगंगेच्या काठी नमुने गोळा करायला जात. नेत ते सोळाच पोरं. सतरावा कितीही रडला तरी त्याला पुढच्या खेपेला. "बिऱ्हाड आहे, जत्रा नाही," असं म्हणून गुडघाभर पाण्यापाशी दर पाच मिनिटांनी मोजणी. एकदा मी हौसेने बरोबर गेले होते. एक मुलगी झाडामागे गेली आणि पंधरा भरले. सरांचा पांढराफटक चेहरा मला आजही दिसतो. "बाय, एक नाय! एक नाय!" मुलगी परत आली तेव्हा तिला ओरडण्याऐवजी ते मटकन खाली बसले आणि बाटलीतलं पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं.

तेव्हा मला त्यांचं हसू आलं होतं. माझी स्वतःची भीती अजून सुरू व्हायची होती.

ती सुरू झाली माझ्या नवऱ्याच्या पायांपासून. पाय सुजले, मग चेहरा, आणि मग डॉक्टरांनी दोन्ही मूत्रपिंडं गेल्याचं सांगितलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. जुन्या पनवेलमध्ये एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर लहानसं केंद्र होतं, तिथे आमची दुपारची पाळी ठरली. चार तास खुर्चीत पडून राहायचं, दंडातून रक्त नळीने यंत्रात जाणार, तिथे एका पातळ पडद्याच्या अलीकडे रक्त आणि पलीकडे औषधी पाणी, आणि धुतलेलं रक्त परत अंगात. एक पाळी चुकली तर छातीत पाणी भरू शकतं, पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. हे डॉक्टरांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मी घरी येऊन न्हाणीघरात रडले.

नवरा स्वभावाने तापट आणि चेष्टेखोर. सरांचे किस्से मी त्याला सांगायची, म्हणून तो त्यांना "तुमचे शेवाळवाले" म्हणे. सर घरी बघायला आले ते तीन मजले चढून, कारण लिफ्ट. दम लागून दारात उभ्या सरांना नवरा म्हणाला, "पेशंट मी आहे ना?" सर मनापासून हसले, बसले आणि मग डायलिसिसबद्दल एकच गोष्ट विचारली. "पाणी कुठलं वापरतात हो?" मला तो प्रश्न त्यांच्या इतर भीतींसारखाच वाटला. मी विषय बदलला.

मग तो मे महिना आला. पनवेलात पाण्याची बोंब होती, नळाला एक दिवसाआड पाणी, जिकडेतिकडे टँकर. मी पेपर तपासायला कॉलेजात बसले होते. दुपारची वेळ जवळ आली होती आणि नवऱ्याला त्याचा पुतण्या परस्पर केंद्रावर सोडणार होता. इतक्यात सर आले. हातात लोणच्याची प्लास्टिकची बरणी, तिच्यात हिरवट पाणी. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"बाय, साहेबांची पाली आज हाय ना?"

माझ्या हातातलं लाल पेन तिथेच राहिलं. "हो. दोनला बसवतील. काय झालं?"

सकाळी ते गावच्या तळ्यावरून येत होते. तळ्याच्या काठी टँकर भरत होता. ड्रायव्हर गावातलाच. सरांनी सहज विचारलं, पाणी कुठे चाललंय? तो म्हणाला, पनवेलला, त्या रक्त धुवायच्या दवाखान्यात. नेहमीचा भरणा बंद पडलाय, म्हणून आज इथून. सरांनी तळ्याकडे बघितलं. वाऱ्याने एका कडेला लोटलेली हिरवी साय त्यांना दिसली. त्यांनी तिथल्या टपरीवरून बरणी मागून घेतली.

आम्ही प्रयोगशाळा उघडायला लावली. सरांना काचेवर थेंब ठेवायला जमेना, तो मी ठेवला. त्यांनी बघितलं आणि त्यांच्या खांद्यांतला ताण थोडा उतरला. "युडोरिना. बिऱ्हाड हाय. बगा तुमी."

मी बघितलं. हिरव्या मण्यांचा पारदर्शक गोळा स्वतःभोवती गिरक्या घेत संथ चालला होता. अशा वेळीही तो सुंदर दिसला. "मोजा," सर म्हणाले.

"एकतीस भरले, सर."

"एक मागल्या अंगाला असंल."

मग ते पुन्हा बसले, काच हळूहळू सरकवू लागले आणि एका जागी थांबले. बराच वेळ बघत राहिले. त्यांनी आयोडिनची बाटली घेतली आणि काचेच्या कडेने एक थेंब आत सोडला. हे मला त्यांनी पूर्वी चहा पिताना सांगितलं होतं. हिरवं शैवल आपल्या पोटात पिठासारखा साठा ठेवतं, तो आयोडिनने काळानिळा होतो. नीलहरित तसा साठा ठेवत नाही, ते नुसतं पिवळट पडतं.

"बगा," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

माझं गिरक्या घेणारं बिऱ्हाड काळं पडून थांबलं होतं. त्याच्या शेजारी बारीक ठिपक्यांचा एक वेडावाकडा पुंजका होता. तो काळा झाला नव्हता. त्याच्यात मोजण्यासारखं काही नव्हतं.

"एकच तर आहे, सर."

"एका थेंबात एक, बाय."

रिक्षात मी त्यांना विचारलं की पाणी गाळून घेतात ना तिथे, मोठी यंत्रं असतात ना. ते म्हणाले, असतात, आणि चांगलं गाळणं असेल तर हे विष अडतं, बहुतेक. ते "बहुतेक" दोनदा म्हणाले. पिण्यात इतकंसं गेलं तर पोट तरी मध्ये असतं. इथे पडद्यापलीकडे थेट रक्त. मी फोन लावत होते, नवरा उचलत नव्हता. खुर्चीत बसण्याआधी तो फोन बंद करून खिशात ठेवतो हे मला माहीत होतं आणि तरी मी लावत होते.

आम्ही पोचलो तेव्हा टँकर रिकामा होऊन गेला होता. दुपारची मंडळी वजनं करून खुर्च्यांत बसली होती, सुया अजून टोचल्या नव्हत्या. टेक्निशियन मुलगी हातमोजे चढवत होती. मी धापा टाकत तिला सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, आपल्याकडे आरओ प्लँट आहे. टँकर काय आज पहिल्यांदा आला का?"

"आरओची जाली कदी बदलली?" सरांनी विचारलं.

"ते मेंटेनन्सवाले बघतात, सर. मला कसं माहीत असणार?" तिचंही बरोबर होतं.

आणि मग माझा नवरा बोलला. दोन दिवसांची सुट्टी पडून त्याची पाळी आधीच लांबलेली, चेहरा सुजलेला, वाक्य पुरं करायला श्वास पुरत नव्हता. "अगं, हा माणूस लिफ्टला घाबरतो. कुत्र्याला घाबरतो. याचं ऐकून मी मशीन सोडू? मरेन मी." मग त्या मुलीकडे हात पुढे करून म्हणाला, "लावा हो तुम्ही."

त्याची भीती खरी होती, हे मी तुम्हाला शपथेवर सांगते. मशीन लावलं नाही तर काय होतं हे आम्हाला ठाऊक होतं. लावलं तर काय होईल हे कोणालाच ठाऊक नव्हतं, सरांनाही नाही. मी दोघांच्या मध्ये उभी होते.

सर खुर्ची आणि मशीन यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत जाऊन उभे राहिले. बरणी छातीशी धरलेली. रक्त बघून चक्कर येणारा माणूस, त्या नळ्यांच्या जाळ्यात पाठ लावून उभा. "मी हितून हलनार नाय," ते म्हणाले. आवाज कापत होता. "साहेब, मना शिव्या द्या. पन मी हलनार नाय."

मुलीने वैतागून डॉक्टरांना फोन लावला आणि सरांच्या हाती दिला. डॉक्टरांनी विचारलं असावं, तुम्ही कोण. सर म्हणाले, "मी शेवालवाला." जन्मभर त्या शब्दावर डाफरलेला माणूस. पलीकडून पुढचा प्रश्न आला. सरांनी डोळे मिटले. "नाय डॉक्टर, खात्री नाय. विषारी हाय का नाय ते बगून नाय कलत. मना भ्या वाटतं, येवढंच सांगतंय."

मग डॉक्टरांनी फोन मुलीकडे द्यायला सांगितलं. तिने ऐकलं, हो सर म्हणाली आणि हातमोजे काढले. कोपऱ्यातल्या खुर्चीवरचे नेऱ्याचे आजोबा सगळ्यांच्या आधी उठले. "चला. मास्तर कापतंय बगा कसा. उगाच नाय कापत मानूस."

डॉक्टरांनी खारघरच्या एका हॉस्पिटलात सगळ्यांची सोय लावली. नवऱ्यासाठी अँब्युलन्स आली. तो प्रवास मला आठवायचा नसतो आणि तोच सारखा आठवतो. हायवेवर कंटेनरांची रांग लागलेली. नवरा आडवा पडू शकत नव्हता, माझ्या खांद्यावर रेलून बसला होता, ओठ निळसर. मला राहून राहून वाटत होतं की मी चूक केली. एका थेंबातल्या एका पुंजक्यासाठी मी माझा माणूस मशीनच्या खुर्चीतून उठवला. सर पुढे ड्रायव्हरशेजारी होते. एरवी ड्रायव्हरवरची नजर न काढणारे सर त्या दिवशी रस्त्याकडे बघतच नव्हते. मागे वळून ते माझ्या नवऱ्याच्या छातीकडे बघत होते आणि ओठांतल्या ओठांत श्वास मोजत होते. आकडा चुकला की पुन्हा एकपासून. माझ्या नवऱ्याला ते ऐकू येत होतं. एका क्षणी तो कसाबसा म्हणाला, "मोठ्याने मोजा." मग सर मोठ्याने मोजू लागले आणि नवरा त्या आकड्यांबरोबर श्वास घेऊ लागला.

खारघरला त्याला मशीनवर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या चेहऱ्याला रंग आला. सर बाहेर बाकावर बरणी मांडीवर घेऊन तसेच बसले होते. मी जाऊन सांगितलं, आता बरं आहे. त्यांनी बरणी बाकाखाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मीही शेजारी बसून रडले.

पुढे पाण्याची तपासणी झाली. तळ्यात मायक्रोसिस्टिस होतं, विषारी असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं काहीतरी आलं. केंद्राच्या गाळलेल्या पाण्यात मात्र काही सापडलं नाही. म्हणजे गाळणीने काम केलं होतं, किंवा मुळात विष नव्हतंच. नवरा म्हणाला, "म्हणजे तुमचे सर उगाचच घाबरले." मी भीतभीतच ते सरांच्या कानावर घातलं. मला वाटलं, वाईट वाटेल.

"उगाच घाबरलो?" सरांचा चेहरा फुलला. "वा! मग फारच छान झालं की, मॅडम." आणि त्यांनी चहात जास्तीची साखर घातली.

केंद्राने गाळण्या बदलल्या, टँकर ठरावीक ठिकाणाहूनच घ्यायचं ठरवलं. आम्ही पुन्हा तिथे जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी बघते तो सर बाहेरच्या बाकावर. "टँकर बघायला आलो होतो," म्हणाले. पुढच्या पाळीलाही आले. निवृत्त झाल्यावर तर पाळीच्या प्रत्येक दिवशी येऊ लागले. टँकरचं निमित्त केव्हाच गळून पडलं. आत पाऊल टाकत नसत, रक्ताची भीती. चारही तास बाहेर, कधी पेपर वाचत, कधी नुसते. टेक्निशियन मुलगी त्यांना चहा द्यायला लागली.

आधी नवरा यावर चेष्टा करायचा. मग त्याची एक सवय होऊन बसली. सुया टोचून झाल्या, मशीन गुरगुरायला लागलं की तो डोळे न उघडता मला विचारी, "बसलेत का?" मी दारातून डोकावून बघे आणि सांगे, "बसलेत." मग तो मान कलती करी. रक्तदाब घसरू नये म्हणून त्या चार तासांत मन शांत राहावं लागतं. डॉक्टरांच्या गोळीपेक्षा हा उपाय त्याला जास्त लागू पडला. मी त्याबद्दल सरांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी आजारी पडायचीसुद्धा धास्ती घेतली असती.

गेल्या श्रावणातली गोष्ट. आम्ही केंद्रावर पोचलो तेव्हा बाक रिकामा होता. बाहेर सरी पडत होत्या, एसटी अडकली असेल म्हटलं. नवऱ्याला आत बसवलं, सुया टोचल्या, मशीन सुरू झालं. एवढ्यात माझा फोन थरथरला. नाव सरांचं होतं. मी बाहेर बाकापाशी येऊन उचलला.

त्यांचा मुलगा बोलत होता. पहाटे बाबांच्या छातीत दुखायला लागलं. बाबांनी स्वतःच सगळ्यांना उठवलं. पुतण्याची गाडी दारात होती, काही न बोलता तिच्यात बसले. वाटेतच गेले. "मावशी, आज तुमची पाली हाय ना?" मुलगा म्हणाला. "गाडीत बाबा तेच सांगत व्हते. कोनीतरी जाऊन बसा म्हंत व्हते."

मी भिंतीला हात लावून उभी राहिले. मोठ्याने रडता येत नव्हतं, दार उघडं होतं. टेक्निशियन मुलगी माझ्याकडे बघून काय समजायचं ते समजली आणि तिने ओढणी तोंडावर धरली. मी साडीच्या पदराने चेहरा कोरडा केला आणि आत गेले. मला इतकी भीती त्या मे महिन्यातही वाटली नव्हती.

नवऱ्याचे डोळे मिटलेले होते. रक्त नळीतून फिरत होतं. माझी चाहूल लागली तसं त्याने विचारलं, "बसलेत का?"

"बसलेत," मी म्हणाले.

"मग झोपतो जरा," तो म्हणाला आणि झोपला.